गुणांशेजारी मेमरीचाही रकाना हवा

मा. संपादक,
स. न.

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत सर्व्हर प्रोसेसरांचा तुलनात्मक तक्ता वाचला. प्रत्येक नावापुढे बेंचमार्कचा, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचणीचा, एकच आकडा आणि त्यावरून लावलेले क्रमांक. चाचणीच्या यंत्रात रॅम कोणत्या वेगाची होती, किती चॅनेलांत (प्रोसेसर आणि मेमरी यांना जोडणाऱ्या मार्गांत) बसवली होती, याचा उल्लेखही नाही. मी चौदा वर्षं सर्व्हर सांभाळते आहे. हा तक्ता पाहून कोणी खरेदी केली तर काय होईल, या विचाराने मी अस्वस्थ झाले, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे द्रवप्रवाहाची सिम्युलेशनं चालतात. त्यासाठी दोन प्रोसेसरांचा सर्व्हर आला. प्रत्येकाला डीडीआर४-३२०० या प्रकारच्या रॅमचे आठ चॅनेल. रॅम मागितली होती ५१२ जीबी आणि आलीही तेवढीच. पण ३२ जीबीची १६ मॉड्यूल (रॅमच्या पट्ट्या) येण्याऐवजी ६४ जीबीची ८ आली. म्हणजे दोन्ही प्रोसेसरांचे चार-चार चॅनेल रिकामे. एका चॅनेलमधून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती जाते. आठ भरले तर २०४.८, चारच भरले तर १०२.४. पडद्यावर ५१२ जीबी नीट दिसत होते, त्यामुळे कोणालाच संशय आला नाही. मी तीन आठवडे कंपायलरचे (प्रोग्रामचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाचे) पर्याय बदलून पाहत होते. अखेर मेमरीचा वेग मोजणारी स्ट्रीम चाचणी चालवली, आकडा अपेक्षेच्या निम्मा निघाला, तेव्हा झाकण उघडून पाहिलं. मॉड्यूल बदलल्यावर तेच काम जवळजवळ अर्ध्या वेळात उरकू लागलं. प्रोसेसर तोच होता.

सगळ्याच कामांना असा फटका बसत नाही, आणि एकच आकडा फसवतो तो इथेच. प्रोसेसरांची तुलना करणाऱ्या स्पेक सीपीयू २०१७ या चाचणीसंचाच्या रेट चाचणीत एकाच प्रोग्रामच्या अनेक प्रती एकाच वेळी चालवतात. त्यातला सुडोकूची कोडी तयार करणारा एक्सचेंज२ कॅशमध्येच, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या वेगवान मेमरीत, मावतो. चॅनेल रिकामे असले तरी त्याला फारसा फरक पडत नाही. त्याच संचातले एलबीएम किंवा बीवेव्ह्ज हे प्रोग्राम चालू असताना मात्र प्रोसेसरचे सगळे कोअर (गणना करणारे भाग) एकदम मेमरीकडे धाव घेतात आणि ताटकळतात. अंतिम गुण हा त्या-त्या गटातल्या अनेक प्रोग्रामांचा गुणोत्तर मध्य (एक प्रकारची सरासरी) असतो. एकाची उपासमार त्यात दिसत नाही.

रॅम वाढवली की वेग वाढतो, हेही सरसकट खरं नाही. इंटेलच्या २०२३ मधल्या चौथ्या पिढीच्या झिऑन प्रोसेसरमध्ये दर चॅनेलला एक मॉड्यूल असेल तर सेकंदाला ४८०० दशलक्ष हस्तांतरणांपर्यंतचा वेग मिळतो. दोन लावली की ४४०० वर उतरतो. त्या झिऑनला आठ चॅनेल आहेत, तर एएमडीच्या ९००४ मालिकेच्या एपिक प्रोसेसरला बारा. दोघांत आठ-आठ मॉड्यूल घालून ‘समान अटी’ म्हटलं, तर एपिकचे चार चॅनेल आपण स्वतःच बंद केलेले असतात. मला ही तुलना न्याय्य वाटत नाही. ज्याचे त्याचे सगळे चॅनेल भरावेत आणि काय भरलं ते सांगावं.

हे शोधायला कष्टही नाहीत. स्पेकच्या प्रसिद्ध निकालपत्रांत एकूण मेमरी, मॉड्यूलांची संख्या, प्रत्येकाची क्षमता आणि वेग एका ओळीत दिलेला असतो. ती ओळ तक्त्याच्या एका रकान्यात सहज मावेल. सुधारित तक्ता छापणार असाल, तर मूळ निकालपत्रांतून तो रकाना भरून द्यायला मी तयार आहे.

आपली,
एक सर्व्हर व्यवस्थापक