शिकाऊ वैमानिकाला जेट कधी द्यावे? एका फिटरचे म्हणणे

प्रति,
मा. संपादक,

विषय : वैमानिकांचे प्रशिक्षण आणि महागडी जेट विमाने

महोदय,

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात या विषयावर लागोपाठ दोन पत्रे वाचली. पहिल्या पत्रलेखकांना हवाई दलाच्या कॅडेटच्या हाती कोट्यवधींचे जेट देणे ही चैन वाटते. सिम्युलेटर (जमिनीवरचे नकली कॉकपिट) आहेत, पंख्याची (प्रोपेलरची) विमाने आहेत, त्यांवर भागवा, असे ते म्हणतात. दुसऱ्यांनी त्यांना उत्तर देताना दुसरे टोक गाठले. पुढे जेटच उडवायचे आहे तर पहिल्या दिवसापासून जेटवरच शिकवा, मधला वेळ कशाला घालवायचा? मी वैमानिक नाही. हवाई दलात वीस वर्षे एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा, होतो, त्यातली बरीच वर्षे ‘किरण’ या प्रशिक्षण-जेटवर. कॅडेटना विमानात बसवणे आणि त्यांनी परत आणलेले विमान दुरुस्त करणे, एवढाच माझा अधिकार. पण तेवढ्यावरही दोघांचे म्हणणे मला पटत नाही.

किरणमध्ये इन्स्ट्रक्टर आणि कॅडेट शेजारी शेजारी बसतात. दोघांचे पट्टे आवळून झाले की इजेक्शन सीटच्या (आणीबाणीत वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या आसनाच्या) सेफ्टी पिना काढायच्या, त्यांना दाखवायच्या आणि मगच शिडीवरून उतरायचे. पहिल्या सोलोच्या, म्हणजे एकट्याने उडण्याच्या, दिवशी शेजारची सीट रिकामी असते. पिना दाखवल्या की कॅडेटने अंगठा वर करायचा असतो. एकाने मला चक्क नमस्कार केला होता. वय एकवीस, मानेवरून घाम ओघळतोय, आणि कोरा चेहरा करून समोर बघतोय. सर्किट (धावपट्टीभोवतीचा फेरा) मारून उतरताना त्याचा वेग जास्त राहिला, घाबरून त्याने ब्रेक दाबून धरले आणि एक टायर एका बाजूने कापडाचे थर दिसेपर्यंत घासला गेला. आम्ही दुपारच्या आत टायर बदलला. इन्स्ट्रक्टर त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखे नाही. पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उडाला. प्रशिक्षणाच्या विमानाने हे असले सगळे पोटात घ्यायचे असते.

आता पहिल्या पत्राबद्दल. किरणनंतर मुलगा लढाऊ विमानाकडे जाणार म्हणजे त्या काळी बहुधा मिग-२१ कडे. आसामातल्या तेजपूरला त्याचे प्रशिक्षण अनेक वर्षे चालले. किरण हे सरळ पंखांचे, चुका सांभाळून घेणारे विमान. मिग-२१ म्हणजे छोटे त्रिकोणी पंख, आवाजाच्या दुप्पट वेगाची ताकद, आणि धावपट्टीवर उतरतानाही ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपासचा वेग. त्याची दोन आसनी आवृत्ती होती, पण तिच्यात मागे बसलेल्या इन्स्ट्रक्टरला समोरची धावपट्टी नीट दिसत नसे. पेरिस्कोपच्या आरशातून बघावे लागे. गावाकडे मुलाला पोहायला शिकवताना पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत सोडतात. आपण भोपळा सोडवला आणि पोराला थेट पुराच्या गोदावरीत ढकलले.

या दोन विमानांच्या मध्ये एक प्रगत प्रशिक्षण-जेट हवे, हे कोणाला सुचले नव्हते असे नाही. एअर मार्शल ला फोंटेन यांच्या समितीने १९८२ मध्येच तशी शिफारस केली होती. ब्रिटिश बनावटीच्या ६६ हॉक विमानांचा करार झाला मार्च २००४ मध्ये, आणि बिदरला ती रीतसर हवाई दलात दाखल झाली फेब्रुवारी २००८ मध्ये. म्हणजे समिती बसली त्या वर्षी जन्मलेला मुलगा हॉक येईपर्यंत स्वतः फ्लाइट लेफ्टनंट होऊन मिग उडवत असणार. इतकी वर्षे आपण काय बोलत होतो? किमतीवर घासाघीस. हे की ते, आता की पुढच्या बजेटात.

मे २०१२ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत आकडे दिले. घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली होती, आणि त्यांत १७१ वैमानिक, ३९ नागरिक व इतर सेवांतले आठ जण मृत्युमुखी पडले होते. हे सगळे प्रशिक्षणाच्या त्रुटीमुळे झाले असे मी म्हणणार नाही. ते खोटे होईल. एकच इंजिन, पक्ष्यांची धडक, सुट्या भागांची बोंब, अशी कारणे होतीच, आणि देखभालीतल्या चुकाही होत्या. हे शेवटचे लिहिताना माझा हात जड होतो. पण नवशिक्याला त्या विमानावर बसवण्याआधी मधली पायरी दिली नाही, हा भाग आपल्या हातातला होता.

महाराष्ट्राला याची आठवण वेगळी द्यायला नको. १७ सप्टेंबर २००१ रोजी सुरतगढला फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ मिग-२१ च्या अपघातात गेले. दोष सुरुवातीला वैमानिकावर ठेवला गेला. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी ते मानले नाही आणि हवाई सुरक्षेसाठी मुलाच्या नावाने संस्था काढून वर्षानुवर्षे त्या सरकारच्या मागे लागल्या. आम्ही गणवेशातली माणसे तेव्हा उघड काही बोलू शकत नव्हतो. हँगरमध्ये चहा पिताना मात्र बोलायचो.

हॉकच्या करारावर त्या काळी सुमारे आठ हजार कोटींचा आकडा छापून येत असे आणि लोक भुवया उंचावत. पहिल्या पत्रलेखकांनी तोच आकडा आज दिला आहे. हॉकच्या मागच्या सीटवरचा इन्स्ट्रक्टर उंचावर बसतो, त्याला धावपट्टी स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. ज्याने मिगचा तो आरसा पुसला आहे त्याला या एका गोष्टीची किंमत कळेल. आणि सिम्युलेटर? जरूर वापरा, आणीबाणीचे सराव त्यावरच करावेत. पण सिम्युलेटरमध्ये मान सीटला चिकटत नाही आणि पोटात गोळा येत नाही. चुकले की बटण दाबून पुन्हा सुरू.

दुसऱ्या पत्रातला मुद्दा नवा नाही. ‘पहिल्या दिवसापासून जेट’ हे मोठ्या देशांनी करून पाहिले आहे. ब्रिटनच्या हवाई दलाने १९५५ मध्ये जेट प्रोव्होस्ट या प्रशिक्षण-जेटवर असे प्रयोग सुरू केले, पुढे ती पद्धतच केली, आणि १९८९ पासून टुकानो या पंख्याच्या टर्बोप्रॉप विमानाकडे परत आले. अमेरिकेने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला टी-३७ जेटवरच श्रीगणेशा करायचा ठरवले. ज्याला उडणे जमणारच नाही असा मुलगाही मग जेटचे इंधन जाळूनच नापास होऊ लागला. १९६५ मध्ये त्यांनी आधी सेस्ना या साध्या पंख्याच्या विमानावर पारख करायला सुरुवात केली.

आपल्याकडे ही वेळ नाइलाजाने आली. एचपीटी-३२ हे सुरुवातीचे पंख्याचे विमान जुलै २००९ च्या अपघातानंतर जमिनीवर बसवले गेले. त्यात इजेक्शन सीटच नव्हती. इंजिन बंद पडले की नशीब. मग नवे कॅडेट थेट किरणवर आले. तेव्हा मी निवृत्त होतो, पण जुने सहकारी फोनवर सांगायचे. किरण कमी, मुले जास्त, म्हणून सुरुवातीच्या उड्डाणांचे तास छाटावे लागले. मे २०१२ मध्ये पिलाटस या पंख्याच्या प्रशिक्षण-विमानांपैकी ७५ घेण्याचा करार झाला आणि पुढच्या वर्षी ती आली, तेव्हा सुटका झाली. नवशिक्याला जेट का नको याचे एक साधे कारण सांगतो. जेटचा थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवायचा दांडा) पुढे ढकलला तरी इंजिनाला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. धावपट्टीच्या तोंडाशी खाली खाली जाणाऱ्या मुलाकडे ते सेकंद नसतात. हा उशीर आधीच ओळखायची सवय लागावी लागते, आणि ती लागेपर्यंत पंख्याचे विमान त्याला जास्त सांभाळून घेते.

(प्रवासी विमानांच्या वैमानिकांचा प्रश्न वेगळा. शेजारच्या कुटुंबातली मुलगी सध्या फ्लाइंग क्लबमध्ये शिकते आहे. कमर्शियल लायसन्सचे दोनशे तास लहान विमानांवरच होतात आणि एअरबसचे बहुतेक शिक्षण सिम्युलेटरवर. ‘जेटचा अनुभव’ म्हणून कोणी वेगळे पैसे मागत असेल तर आईवडिलांनी दहादा विचार करावा.)

खरा विचारण्यासारखा प्रश्न दोन्ही पत्रांत नाही. पहिली पायरी आता भक्कम होते आहे. एचटीटी-४० या देशी टर्बोप्रॉपची दुसरी प्रॉडक्शन लाइन ऑक्टोबर २०२५ मध्ये आमच्या नाशिकलाच सुरू झाली. वरच्या पायरीवर हॉक आहे. मधली किरण मात्र १९६४ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या आराखड्याची आहे, आणि तिची जागा घेणारे देशी जेट एचजेटी-३६ पहिल्यांदा उडाले २००३ मध्ये. २०२५ मध्ये त्याचे ‘यशस’ असे नवे नामकरणही झाले. बारसे दुसऱ्यांदा झाले, पण कॅडेट अजून त्यात बसलेला नाही. मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये चंदीगडला निवृत्त झाले तेव्हा सगळ्या वाहिन्यांनी थेट प्रक्षेपण केले. किरणच्या वारसाला एवढी वर्षे का लागली, यावर आपल्या दैनिकाने एक सविस्तर वृत्तान्त द्यावा, ही विनंती.

ता. क. पहिल्या पत्रात हॉकला ‘रशियन जेट’ म्हटले आहे. कृपया दुरुस्ती छापावी.

आपला,
एक निवृत्त एअरफ्रेम फिटर, नाशिक