जमादार काका, पोरीचा हात साफ होता हे तुम्ही लिहून दिलंत

आदरणीय जमादार काका,
सप्रेम नमस्कार.

तोंडी आभार तुम्ही मानू देत नाही, म्हणून हे जाहीर पत्र. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या शाळेची नळी मोडून भरायची स्प्रिंगची एअर रायफल तुम्ही ठीक केलीत. तिचे छर्रे जागा सोडत होते आणि दोष मात्र ती चालवणाऱ्या आमच्या एका पोरीच्या माथी येत होता. पण त्याहून मोठं काम तुम्ही दोन ओळींत केलंत, ते सगळ्यांना कळू द्या.

तुमच्याआधी तिला हात लावणाऱ्यांनी काय दिवे लावले तेही सांगतो. एका दुकानदाराने सिलिंडरच्या भोकात शिलाई मशीनचं तेल ओतलं. दाबाच्या उष्णतेने ते तेल आत पेटतं, धूर येतो, प्रत्येक छऱ्याचा वेग वेगळा होतो आणि सील खराब होतं. दुसरा नुसते नेम धरायच्या साइटचे क्लिक फिरवत बसला. जी रायफल स्वतःच जागा सोडते आहे, तिची साइट फिरवून काय होणार? आज जुळलं, उद्या पुन्हा गेलं. तिसरे शहरातले मोठे प्रशिक्षक. त्यांनी रायफल उचललीसुद्धा नाही. "पोरगी ट्रिगर झटकते, हिच्यात दम नाही," एवढं बोलून चहा प्यायले. माहीत नसलं की काही माणसांचा आवाज चढतो.

तुम्ही मात्र आधी जुने टार्गेटचे कागद मागितले आणि उजेडात धरून पाहिले. पाच छऱ्यांची भोकं एकमेकांना चिकटलेली, पण अख्खा ग्रुप कधी १५ मिलिमीटर खाली-डावीकडे, कधी वर. ट्रिगर झटकणाऱ्याचा ग्रुप पसरतो, असा गठ्ठ्याने सरकत नाही, हे तुम्ही तिथेच बोललात. गालाची ठेवण बदलली तर घट्ट ग्रुपही सरकतो, हेही तुम्हीच सांगितलंत. म्हणून पोरीला बाजूला बसवलं, सरकीच्या पोत्यावर तळहात आणि तळहातावर रायफल ठेवून स्वतः छर्रे मारले. स्प्रिंगची रायफल कडक टेबलावर टेकवली तर छर्रा नळीतून निघायच्या आतच ती उसळते आणि चाचणी खोटी ठरते. तुमचाही ग्रुप सरकला.

मग तुम्ही त्याच कागदाच्या पाठीवर पेनाने लिहिलंत : "खोट रायफलीत आहे. नेमबाजाच्या हातात नाही." खाली सही, तारीख. तो कागद आमच्याकडे नाही, मुख्याध्यापकांकडे नाही, थेट पोरीच्या हातात दिलात. त्या वेळी एकही स्क्रू फिरवलेला नव्हता! दुरुस्ती कोणीही पैसे घेऊन करून देतो. ज्या लेकराला सगळ्यांनी दोषी धरलं, त्याला आधी मोकळं करायचं हे किती जणांना सुचतं?

वेगाचा हिशेबही तुम्ही बोटांवर केलात. छर्रा सेकंदाला १७० ऐवजी १६० मीटरने गेला, तरी १० मीटरवर तो जेमतेम २ मिलिमीटर जास्त खाली बसतो, म्हणजे एका रिंगच्याही आत. १५ मिलिमीटर एकट्या तेलाच्या माथी मारता येत नाहीत. कुठेतरी ढिलाई हवीच. आणि ती निघाली. दस्त्याच्या पुढच्या दोन स्क्रूंपैकी एकाखालचा वॉशर गायब, स्क्रूचं डोकं लाकडात रुतलेलं. आमच्याकडच्या मे महिन्यात लाकूड आटतं, पावसाळ्यात फुगतं, त्यामुळे आवळलेला स्क्रू पुन्हा ढिला. दुसरी खोट नळीच्या बिजागरीच्या बोल्टची. स्प्रिंग पूर्ण दाबून अडकली की मग नळी अर्ध्यावर आणून सोडली, तर होती तिथे थांबली पाहिजे. आमची आपल्या वजनाने खाली पडत होती. माशी, म्हणजे पुढची साइट, नळीवरच असल्याने थोडी चूक ती आपल्या पदरात घेते, पण मागची साइट सिलिंडरवर, म्हणून उरलेली चूक कागदावर दिसतेच. मागच्या साइटचा पायाही किंचित हलत होता. दोन साइटमध्ये अर्धा मीटर अंतर धरलं, तर तिथली ०.१ मिलिमीटरची हालचाल १० मीटरवर २ मिलिमीटर होते.

स्क्रूचे आटे तेलमुक्त केले, निळं थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद, लावलं (लाल लावू नका, पुन्हा उघडणार नाही, असा दम दिलात), नवे वॉशर टाकले आणि दिवसभर रायफलीला हात लावू दिला नाही. प्रत्येक स्क्रूवरून दस्त्यापर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढलीत. रेघ तुटली की स्क्रू फिरला, एवढं पाचवीतल्या पोरालाही कळतं. आता सरावाआधी पोरं रेघा पाहतात, मगच छर्रा भरतात. आणि रिकामा फायर कोणीही करत नाही, कारण पुढे हवेची गादी नसली की पिस्टन थेट आदळतो.

ग्रुप आता जागेवर बसतो. फक्त ब्रीचजवळ, म्हणजे नळी सिलिंडरला मिळते त्या सांध्याजवळ, धरलेली टिश्यू पेपरची पट्टी फायर करताना अजून थोडी फडफडते, म्हणजे तिथलं सील जायला आलंय, तुम्ही म्हणाला होतात तसंच. नवं सील मागवलंय. आलं की फोन करतो. एसटीचं तिकीट या वेळी आम्ही काढणार, त्यावर वाद नको. काकूंनाही घेऊन या.

तुमचा,
शाळेचा क्रीडा शिक्षक