स्टॉलवर दाखवलेले पात्र वेगळे, पाठवलेले वेगळे

प्रति,
ग्राहकसेवा विभागप्रमुख

विषय : विभागीय पशुवैद्यक परिषदेत खरेदी केलेल्या, गोठवलेले वीर्य ठेवण्याच्या तीन लिटरच्या द्रवनत्र (द्रवरूप नायट्रोजन) पात्रातील दोषाबाबत

महोदय,

मी आटपाडी तालुक्यात खासगी पशुवैद्यक व्यवसाय करतो. आमच्या विभागीय पशुवैद्यक परिषदेत आपल्या कंपनीचा स्टॉल होता. तिथे आपल्या प्रतिनिधींनी मधोमध कापलेले एक पात्र ठेवून आतली भिंत, बाहेरची भिंत आणि मधला व्हॅक्यूम आम्हाला नीट समजावून सांगितला. तेच मॉडेल मी तिथे नोंदवले आणि पूर्ण रक्कम जागेवरच भरली. माहितीपत्रकात दिवसाला दीडशे मिलीलीटरच्या आत नायट्रोजन उडेल असे छापलेले आहे.

पात्र घरपोच आले ते दुसऱ्याच मॉडेलचे. फोन केला तर “क्षमता तीच आहे, आतली रचनाही तीच आहे” असे उत्तर मिळाले. पहिल्या भरणीचा नायट्रोजन फार लवकर खाली गेला. तेव्हा प्रतिनिधी म्हणाले, नवीन पात्राची आतली भिंत थंड व्हायला वेळ लागतो, दुसऱ्या भरणीपासून ठीक होईल. पहिल्या भरणीला असे होते हे खरे आहे, म्हणून मी त्यांचा सल्ला मानला. दुसऱ्या भरणीलाही तेच झाले. सकाळी पाहिले तर पात्राच्या गळ्याखाली, खांद्यावर पांढऱ्या दवाचा पट्टा धरलेला. बाहेरच्या भिंतीवर असे दव धरले की व्हॅक्यूम गेला, हे आपल्या तंत्रज्ञांना मी सांगायला नको.

तरीही खात्री करून घेतली. गावातल्या दूध संकलन केंद्रावर पात्र भरून, झाकण लावून वजन केले आणि मध्ये एकदाही न उघडता दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच काट्यावर पुन्हा केले. 700 ग्रॅम कमी भरले. द्रवनत्र लिटरला साधारण 800 ग्रॅम भरते. म्हणजे दिवसाला पाऊण लिटरहून जास्त उडत होते. केंद्राच्या सचिवांच्या सहीची नोंद सोबत जोडली आहे. यावर आपल्या प्रतिनिधींचे उत्तर असे की, “उन्हाळा आहे डॉक्टर, जरा जास्त भरत जा.” उन्हाळ्याने थोडा फरक पडतो हे मान्य, पण पाचपट पडत नाही. शिवाय आमच्याकडे नायट्रोजन रोज मिळत नाही. गाडीचा वार ठरलेला असतो आणि मधले दिवस पात्रानेच काढायचे असतात.

या पात्रात लिंगनिर्धारित, म्हणजे कालवडच जन्मावी म्हणून निवडलेल्या शुक्रजंतूंच्या रेतमात्रा होत्या. साध्या रेतमात्रेत दोन कोटी शुक्रजंतू असतात, यात जेमतेम वीस लाख. तिथे थोडीही चूक चालत नाही. उणे 196 अंशांतली स्ट्रॉ (रेतमात्रेची बारीक नळी) एकदा उणे 130 च्या वर गेली की आतली इजा पुन्हा थंड करून भरून येत नाही आणि वरून काहीच कळत नाही. मी उरलेल्यांपैकी काही स्ट्रॉ 37 अंशांच्या पाण्यात वितळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. हालचाल जवळजवळ शून्य.

तोवर याच पात्रातल्या रेतमात्रा मी गावोगाव भरून आलो होतो. एका शेतकऱ्याची पहिलारू कालवड वेळेवर, व्यवस्थित माजावर आली होती. ती उलटली, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर आली. पाठोपाठ इतरांचेही फोन आले. एक माज हुकला म्हणजे 21 दिवस गेले. कडब्याचे भाव चढलेले असताना त्या 21 दिवसांचा चारा शेतकरी स्वतःच्या खिशातून घालतो. त्याने आपल्या कंपनीचे नावही ऐकलेले नाही. तो मला ओळखतो, आणि मी “रेतमात्रा चांगली आहे” म्हणालो म्हणून त्याने पैसे मोजले. मी त्या सगळ्यांकडे पुन्हा रेतन विनामूल्य केले आहे.

मला सर्वांत जास्त राग आला आहे तो या गोष्टीचा. परिषदेत आम्ही डॉक्टर मंडळी एकमेकांच्या भरवशावर खरेदी करतो. मी पैसे भरताना शेजारी नुकतीच पदवी घेतलेली दोन मुले उभी होती. मला विचारून त्यांनीही तेच मॉडेल नोंदवले. त्यांना काय मिळाले ते आपण स्वतःहून तपासावे. स्टॉलवर जे दाखवता तेच पाठवायला हवे, आणि विक्रीची माणसे आणता तशी दुरुस्तीचे जाणणारा एक तरी माणूस तिथे असायला हवा.

पात्राच्या बदल्यात परिषदेत दाखवलेल्या मॉडेलचे नवे पात्र, वाया गेलेल्या रेतमात्रांची किंमत आणि पुन्हा केलेल्या रेतनांचा खर्च मला मिळावा. दुरुस्त केलेले पात्र मी घेणार नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करीन. चरितार्थासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू त्या कायद्यात बसते, त्यामुळे “व्यावसायिक खरेदी” असे सांगून हात झटकता येणार नाहीत. या पत्राची प्रत परिषदेच्या आयोजकांनाही पाठवली आहे.

पात्र रिकामे करून दवाखान्यात ठेवले आहे. तपासणीला तंत्रज्ञ पाठवणार असाल तर दोन दिवस आधी कळवा आणि सकाळी दहानंतर पाठवा. त्याआधी मी गोठ्यांवर असतो.

आपला,
एक पशुवैद्यक, आटपाडी

सोबत : बिलाची प्रत, माहितीपत्रक, वजनाची नोंद, दव धरलेल्या पात्राची छायाचित्रे