गुरुवारच्या बसने येणाऱ्या मावशींना

मावशी, जय ख्रिस्त.

हे पत्र खरं तर दोन वर्षांपूर्वीच लिहायला पाहिजे होतं, पण तेव्हा वेळ नव्हता आणि नंतर लाज वाटायला लागली की आता एवढ्या उशिरा काय लिहायचं. तुम्ही व्हॉट्सॲपवर आहात पण मोठा मेसेज आला की न वाचताच "फोन कर रे" म्हणता, आणि फोनवर मला हे बोलता येणार नाही, म्हणून असं सगळ्यांसमोरच लिहितोय, सूनबाई वाचून दाखवतील. नाव टाकत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. पेठ रोडच्या पाड्यांवरची माणसं तसंही ओळखतीलच की गुरुवारी लाल डब्याने येणारी, खांद्याला खाकी पिशवी लावलेली, रिटायर्ड सिस्टर म्हणजे कोण.

ऑगस्ट २०२३. भाताची आवणी नुकतीच उरकलेली, पाऊस असा की समोरचं घर दिसेना, आणि पहाटे बाबांनी आईला उठवायला हात लावला तर उजवी बाजू लुळी, तोंड वाकडं, बोलायचा प्रयत्न करतेय पण नुसता आवाज. मी नाशिकच्या अंबडला, कंपनीत नाईट शिफ्टला. आमच्या पाड्यापर्यंत तेव्हा गाडी यायची नाही, मधला ओहोळ भरला की संपलं, म्हणून शेजारच्या चौघांनी बांबूला घोंगडी बांधून डोली केली आणि चिखलातून तिला डांबरी रस्त्यापर्यंत आणलं, तिथून १०८. नाशिकला पोचेपर्यंत सकाळचे दहा वाजून गेले होते. डॉक्टर म्हणाले, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं पण ते पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं, आणि तुमच्या पेशंटला नक्की कधी झालं हेच कोणाला माहीत नाही, झोपेत झालं असेल. हे साडेचार तास माझ्या डोक्यात इतके दिवस फिरत होते की काय सांगू, कंपनीत मशीनसमोर उभा राहिलो तरी मी रस्त्याचेच हिशेब करायचो.

अकरा दिवसांनी घरी सोडलं. आणि मावशी, खरी पंचाईत तिथून सुरू झाली. दवाखान्यात असेपर्यंत सगळे येतात, डबा येतो, पैसे विचारतात, चर्चच्या मंडळीत नाव घेऊन प्रार्थना होते. घरी आणलं की सगळ्यांना वाटतं सुटले एकदाचे. एका खाटेवर आई, उशाशी गोळ्यांची पिशवी, बाजूला सत्तरीचे बाबा, ज्यांनी आयुष्यात चहासुद्धा स्वतः करून घेतला नव्हता, आणि मी चार दिवसांची रजा संपली म्हणून परत नाशिकला. बायकोची नोकरी, पोरांची शाळा, खोलीचं भाडं, कारणं खरीच होती. पण सावळघाटातून जाताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो हेही खरंच.

तुम्ही पहिल्यांदा आलात त्याच आठवड्यातल्या गुरुवारी. प्रार्थनेसाठी कोणी आलं असेल असं बाबांना वाटलं, त्यांनी सतरंजी टाकली, बायबल काढलं. तुम्ही चप्पल काढून सरळ आईच्या पाठीखाली हात घातला. माकडहाडाजवळ लाल चट्टा पडला होता, कोणालाच माहीत नव्हतं. बाबा अजून सांगतात तुम्ही काय म्हणालात ते, "प्रार्थना शेवटी करू दादा, आधी यांना कुशीवर करायला शिका."

दर दोन तासांनी कूस. हे वाक्य आमच्या घरात आता म्हणीसारखं झालंय. प्रार्थनाघराच्या कपाटातून तुम्ही हवेची गादी आणून दिली, पण आमच्याकडे पावसात लाइट जी जाते ती दोन-दोन दिवस, मोटर बंद पडली की गादी चपटी. मग तुम्हीच जुन्या लुगड्यांच्या गोधड्यांच्या गुंडाळ्या करून पाठीमागे, गुडघ्यांच्या मध्ये, टाचेखाली कशा लावायच्या ते दाखवलं. पाणी पाजलं की ठसका लागायचा तर तुम्ही म्हणालात पातळ पाणीच जास्त धोक्याचं, छातीत गेलं तर न्यूमोनिया होईल, म्हणून नीट उठवून बसवायचं, हनुवटी खाली घ्यायची आणि नागलीची (नाचणीची) घट्टसर पेज चमच्या-चमच्याने, एक गिळलं की मगच दुसरा. आमचे बाबा पेज करायला शिकले मावशी. गुठळ्या न होता. माझ्या बायकोला अजून तशी जमत नाही (हे तिने वाचू नये).

आणि बीपीच्या गोळ्या. आईला बीपी होतं, सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, पण आवणीच्या धामधुमीत संपल्या त्या कोणी आणल्याच नाहीत, तीही म्हणायची मला काय होतंय. तुम्ही हे ओळखलं, रिकामी पाकिटं बघून. मला वाटलं आता बाबांना झापणार. तुम्ही भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि प्रत्येक तारखेवर एक रेघ मारायला सांगितली, बस.

बस म्हणजे आठवलं. आईची वाचा गेली होती, आणि जी थोडी परत यायला लागली ती उलटीपालटी, पाणी म्हणायचं तर "चूल" म्हणायची, माझ्या मुलाला बाबांच्या नावाने हाक मारायची. तुम्हाला ती "बस" म्हणायला लागली. गुरुवारी साडेदहाला गाडीचा हॉर्न वाजला की "बस, बस". तुम्ही किती हसला होतात, म्हणाला होतात की चाळीस वर्षं नर्सिंग केलं पण इतकं बरोबर नाव कोणी ठेवलं नाही. आणि ते गाण्याचं! मला आधी ते खोटं वाटलं होतं. जी बाई एक शब्द नीट बोलू शकत नाही तिच्यासमोर तुम्ही नारायण वामन टिळकांचं भजन म्हणायला लागलात, तिच्या लहानपणापासूनचं, आणि दुसऱ्या ओळीला आई शब्दासकट तुमच्याबरोबर म्हणतेय. तुम्ही समजावलं की बोलणं आणि गाणं मेंदूत एकाच ठिकाणी नसतं, एक दार बंद झालं तरी दुसऱ्या दाराने शब्द येतात कधीकधी. तेव्हाच तुम्ही सांगितलं की टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक आपल्या जलालपूरच्या, १८६८ सालचा जन्म. मी गंगापूर रोडने कितीदा तिकडे गेलोय, आम्हाला शाळेत त्यांचा धडा होता, पण त्या इथल्या शेजारच्या आहेत असं कधी डोक्यातच आलं नाही.

तुमच्या गोष्टी हा एक वेगळाच विषय आहे. ज्या चौघांनी आईला डोलीतून नेलं ते एका गुरुवारी बसले होते, त्यातले दोघं डोंगऱ्या देवाच्या उत्सवाहून आलेले, आणि तुम्ही त्यांना शरणपूरच्या आफ्रिकन पोरांची गोष्ट सांगितली. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली पोरं नाशकात आणली, मिशनच्या शाळेत शिकली, आणि त्यातलीच काही पुढे लिव्हिंगस्टन नावाच्या मिशनरी प्रवाशासोबत आफ्रिकेत गेली. १८७३ ला तो वारला तर त्याच्या माणसांनी त्याचा देह नऊ महिने चालत समुद्रापर्यंत आणला, आणि त्यातला जेकब वेनराइट, आपल्या नाशकात शिकलेला, लंडनपर्यंत गेला त्याला माती द्यायला. आमचा शेजारी म्हणाला, "नऊ महिने? आम्ही तर पाऊण तासातच थकलो." आणि तुम्ही म्हणालात, "तुमचं ओझं जिवंत होतं, ते जास्त जड असतं." तो माणूस ते वाक्य अजून सगळ्यांना ऐकवतो.

एक गोष्ट लिहायची की नाही हा विचार करत होतो, पण लिहितो. पाड्यावर काही जणांनी कुजबुज केली होती की ही बाई धर्म बदलायला येते. आणि दुसऱ्या बाजूने आपल्यातलेच एक बाहेरून आलेले उपदेशक घरी येऊन गेले, आईच्या हातावर तेल लावलं, मोठमोठ्याने प्रार्थना केली आणि जाताना बाबांना म्हणाले की विश्वास कमी पडतोय म्हणून हात हलत नाही. बाबा त्या रात्री जेवले नाहीत. पुढच्या गुरुवारी तुम्हाला कळलं. तुम्हाला चिडलेलं मी तेवढं एकदाच पाहिलंय. "हात हलत नाही कारण मेंदूत रक्त अडकलं होतं. विश्वास कमी असता तर हा म्हातारा रात्री चार वेळा उठला असता का?" आणि कुजबुजीचं तुम्ही काहीच केलं नाही, फक्त कुजबुज करणाऱ्यांपैकीच एकाच्या वडिलांचा खुबा मोडला तेव्हा वॉकर घेऊन त्यांच्या दारात गेलात आणि वहीत सही घेतली. त्यांच्या घरी प्रार्थना केली नाहीत कारण त्यांनी म्हटलं नव्हतं. आता तेच आजोबा विचारतात, सिस्टर कधी येणार.

ती वही मला फार आवडते. दोनशे पानी, कव्हरला प्लास्टिक, वॉकर कोणाकडे, कमोडची खुर्ची कोणाकडे, कधी नेली, धुऊन परत आली का. डिपॉझिट नाही. जात-धर्माचा रकानाच नाही. मी कंपनीत स्टोअरला काम केलंय म्हणून सांगतो, आमचं रजिस्टर इतकं नीट नव्हतं.

कागदपत्रांचं थोडक्यात लिहितो, नाहीतर डोकं फिरेल. दिव्यांगाचा दाखला, यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) कार्ड, उत्पन्नाचा दाखला, मग संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. एका कचेरीतून मला तीनदा परत पाठवलं, आधारवर आईचं नाव एक आणि रेशनकार्डावर दुसरं म्हणून. मी सोडून दिलं होतं. तुम्ही गुडघा दुखत असताना दोन जिने चढून गेलात आणि संध्याकाळी फोन केलात, "झालं, आता बँकेत केवायसी कर." तेव्हा महिन्याला १५०० रुपये होते. कोणाला कमी वाटतील, पण ते आईच्या नावावर येतात आणि पहिल्यांदा आले तेव्हा तिने अंगठा उठवायला डावा हात स्वतःहून पुढे केला.

आता मला जे खरं म्हणायचंय ते. गेल्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात तुम्ही प्रार्थनेत बायबलमधल्या चांगल्या शोमरोन्याचा भाग घेतला होता, लूकचा दहावा अध्याय. मी लहानपणापासून ऐकलेला. लुटलेला माणूस, याजक बाजूने गेला, लेवी गेला, शोमरोनी थांबला, जखमांवर तेल ओतलं, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं. प्रवचन नेहमी तिथेच थांबतं. तुम्ही विचारलं, दुसऱ्या दिवशी शोमरोनी दोन दीनार देऊन निघून गेला, मग पट्ट्या कोणी बदलल्या? रात्री कण्हला तेव्हा पाणी कोणी दिलं? त्या उतारशाळेवाल्याबद्दल कोणी बोलत नाही, त्याच्या नावाने एक दवाखाना नाही.

सगळे बाबांकडे बघत होते आणि मी खाली. कारण पैसे देऊन निघून जाणारा मी होतो ना. महिन्याच्या सात तारखेला फोन पे केलं की मी मोकळा. प्रार्थना संपल्यावर चहाच्या वेळी तुम्ही माझ्याजवळ आलात, मी काही बोललो नव्हतो तरी. म्हणालात, "शोमरोनी वाईट नव्हता रे, त्याला त्याचं काम होतं. पण त्याने सांगितलं होतं, परत येईन तेव्हा बाकीचं देईन. तू परत ये म्हणजे झालं." एवढंच बोलून तुम्ही बशीत चहा ओतला.

तेव्हापासून मी दर दुसऱ्या शनिवारी येतो. मोठं काही करत नाही. रात्रीच्या दोन वाजताची आणि चारची कूस माझी, बाबा तेवढे झोपतात. चर्चला नाशकात मी बरीच वर्षं जात नव्हतो, आता जातो का, तर कधीकधी, खोटं सांगत नाही. पण रात्री दोन वाजता आईला कुशीवर करताना मी जे पुटपुटतो त्याला तुम्ही प्रार्थना म्हणाल, मला माहितीये.

बातमी अशी की आई आता वॉकरने अंगणापर्यंत येते, उजवा पाय ओढत पण येते. तो चट्टा केव्हाच बरा झाला. कमोडची खुर्ची धुऊन, उन्हात वाळवून परत केली, वहीत सही केली, ती आता ओहोळापलीकडच्या एका आजीकडे आहे आणि त्यांना कूस बदलायला शिकवायला कोण गेलं होतं माहितीये का? बाबा. स्वतःची गोधडी घेऊन गेले होते.

तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं हे कळलं, सूनबाईंना विचारलं होतं, व्यायाम चुकवता म्हणे. दुसऱ्यांना किती ओरडायचात व्यायामावरून. तुमची स्टीलची बाटली आमच्याकडे राहिलीय, आणि नवी नागली आली की पिठाची पिशवी घेऊन मी घरी येतोच.

आणि हो, आईच्या भाषेत बरीच सुधारणा आहे, मला आता माझ्याच नावाने हाक मारते. तुमचं नावही तिला येतं, मी म्हणून घेतलंय. पण गुरुवारी साडेदहाला हॉर्न वाजला की ती अजून दाराकडे बघते आणि विचारते, "बस?" मी किंवा बाबा, जो असेल तो सांगतो, येईल, गुडघा बरा झाला की.