शेवटचे दोन शब्द

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

आज 12 नोव्हेंबर. 2010 मध्ये याच दिवशी पोलिश संगीतकार हेन्रिक गुरेत्स्की गेले. दरवर्षी या रात्री मी त्यांची तिसरी सिंफनी लावतो, तुला ठाऊक आहेच. मागच्या भेटीत तू म्हणालास, ‘फार शांत वाटतं रे ऐकून.’ ते मनातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

मला त्या संगीतात वाट पाहणं ऐकू येतं. पहिला भाग आठव. डबल बेस, म्हणजे सगळ्यात खालच्या स्वरांची तंतुवाद्यं, इतक्या खालून आणि हळू सुरू होतात की वादन चालू झालंय हेच आधी उमगत नाही. मग तीच सुरावट एकेक तंतुवाद्य उचलत जातं, पहिल्याचं संपायच्या आत दुसरं. जवळजवळ तेरा मिनिटं हे थर चढतात, तेव्हा कुठे गायिकेचा आवाज येतो: मरणाऱ्या मुलाशी बोलणाऱ्या मेरीचा, येशूच्या आईचा, पंधराव्या शतकातला विलाप. मोजक्या ओळी, आणि पुन्हा उतरण, थेट डबल बेसपर्यंत.

दुसऱ्या भागातले शब्द पोलंडमधल्या झाकोपाने गावच्या गेस्टापो (नाझी गुप्त पोलीस) कोठडीच्या भिंतीवरचे. 18 वर्षांची मुलगी आईला लिहितेय, रडू नकोस. सूडाचं अक्षरही नाही. तिसऱ्या भागात एक आई मुलाचा मृतदेह शोधतेय, आणि तो सापडत नाही. गुरेत्स्की स्वतः दोन वर्षांचे असताना त्यांची आई गेली होती. हे कळल्यापासून मला तो भाग बसून ऐकवत नाही, उठून येरझाऱ्या घालतो.

तुझ्याकडे 1992 चं गायिका डॉन अपशॉ आणि संचालक डेव्हिड झिनमन यांचं ध्वनिमुद्रण आहे. दहा लाखांवर प्रती खपल्या त्याच्या, आणि आवाज नितळच आहे. पण स्तेफानिया वोयतोविच यांचं जरूर मिळव. 1977 मध्ये फ्रान्समधल्या रॉयाँला ही सिंफनी पहिल्यांदा गायली ती त्यांनीच. त्यांचा स्वर जड आहे, थरथरतो, आणि माझ्या मते या शब्दांना तोच शोभतो.

त्यांचा हार्प्सिकॉर्ड (तारा छेडणारं, पियानोसारखं जुनं वाद्य) आणि वाद्यवृंदासाठीचा कॉन्चेर्टोही ऐक. नऊएक मिनिटांचं धावतं, हट्टी संगीत आहे. हाच माणूस का, असं वाटेल. चार तंतुवाद्यांसाठीचं तिसरं क्वार्टेट तर त्यांनी 1995 मध्ये पूर्ण केलं आणि दहा वर्षं स्वतःपाशीच ठेवलं. क्रोनोस क्वार्टेट या वादकसंचाच्या हाती ते 2005 मध्ये पडलं.

पण सगळ्यात आधी ‘मिझेरेरे’. 1981 मध्ये पोलंडमध्ये बिडगोश्चला सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेच्या कार्यकर्त्यांना मारहाण झाली, त्यावर लिहिलेलं. पहिला प्रयोग व्हायला 1987 उजाडलं. साथीला एकही वाद्य नाही, नुसता गायकवृंद, आणि सगळे मिळून पाच लॅटिन शब्द. अर्ध्या तासाहून अधिक वेळ त्यातले तीनच येत राहतात, ‘हे प्रभो, आमच्या देवा’. ‘आमच्यावर दया कर’ हे उरलेले दोन अगदी शेवटी येतात. ते येईपर्यंत बंद करू नकोस, आणि मग मला लिही.

तुझा,
विनय