जिथे स्पर्श कळत नाही, तिथेही दुखतं : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री यांस,

सादर नमस्कार.

मणक्याला दुखापत झालेल्या माणसाची व्हीलचेअर सगळ्यांना दिसते. रॅम्प हवा, लिफ्ट हवी, दरवाजा रुंद हवा, एवढं तरी आता बोललं जातं. पण आमच्यातल्या कित्येकांना विचारलंत, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो, तर चालता येत नाही याच्या आधी ते नसांच्या दुखण्याचं नाव घेतील. या दुखण्याबद्दल मला आपल्याशी बोलायचं आहे.

माझ्या मज्जारज्जूला, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या नसांच्या जुडग्याला, छातीच्या पातळीवर इजा झाली आहे. त्याखाली बोट लावलं तर कळत नाही. पण दिवस कलला की त्याच पायांचे तळवे जळायला लागतात आणि मधूनच गुडघ्यापासून घोट्यापर्यंत करंट बसल्यासारखी कळ जाते. जिथे जाणीव संपते तिथे चार बोटं रुंदीचा एक पट्टा आहे. त्यावर बनियनची शिवण घासली तरी श्वास अडकतो, म्हणून मी बनियन उलटं घालतो. एका डॉक्टरांनी पायाला सुई टोचून पाहिली. मला काहीच कळलं नाही, तेव्हा ते म्हणाले, "इथे संवेदनाच नाही, मग दुखेल कसं?" हा प्रश्न मी एकट्याने ऐकलेला नाही.

उत्तर वैद्यकशास्त्राकडे आहे. हे दुखणं पायात तयार होतच नाही. मज्जारज्जूतले वेदना वाहून नेणारे तंतू तुटले की खालून येणारे संदेश थांबतात, वेदनेला आवर घालणारी यंत्रणा ढासळते आणि इजेच्या आसपासच्या व वरच्या चेतापेशी विनाकारण उत्तेजित होत राहतात. मेंदूला ते पायाचं दुखणं वाटतं. जगात दीड कोटीहून अधिक लोक मज्जारज्जूच्या इजेसह जगत आहेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अभ्यासांनुसार अशा रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना हे दुखणं असतं. इजेच्या पातळीखालचं दुखणं तर अनेकदा काही महिन्यांनी, कधी वर्षांनी सुरू होतं. तोवर रुग्णाला घरी सोडलेलं असतं आणि विचारपूस करणारं कोणी उरलेलं नसतं.

म्हणून माझी पहिली मागणी आहे ती विचारण्याची. दर तपासणीला दुखण्याबद्दल विचारा आणि ते लिहून ठेवा. त्यासाठी मोठी यंत्रं लागत नाहीत. 'डीएन-४' नावाची दहा मुद्द्यांची चाचणी आहे. सात प्रश्न, तीन साध्या तपासण्या, आणि चार किंवा अधिक गुण आले तर दुखणं नसांचं असण्याची शक्यता मोठी. प्रशिक्षित नर्ससुद्धा ती काही मिनिटांत करू शकेल. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात जुनाट दुखण्याला स्वतंत्र जागा मिळाली आहे. आपल्या नोंदींमध्येही ती मिळावी. नोंदच नसेल तर औषधांची गरज कशावरून ठरवणार?

औषधांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक हाल तिथेच होतात. साध्या वेदनाशामक गोळ्या या दुखण्यावर फारशा चालत नाहीत, तरी वर्षानुवर्षं त्याच लिहून दिल्या जातात. प्रीगाबालिन, गॅबापेन्टिन, अमिट्रिप्टिलिन ही आधी वापरायची औषधं. त्यांनी दुखणं क्वचितच पूर्ण थांबतं. ते सुमारे ३० टक्क्यांनी कमी झालं तरी उपचार लागू पडला असं मानतात, आणि तेवढ्यानेही माणसाला सलग झोप मिळते, कामावर जाता येतं. पण गॅबापेन्टिन, प्रीगाबालिनचा डोस किडनीची स्थिती पाहून ठरवावा लागतो. अमिट्रिप्टिलिनने लघवी तुंबते, बद्धकोष्ठ वाढतो, आणि आमच्याकडे या दोन्ही तक्रारी आधीपासूनच असतात. हे सगळं सांभाळून औषध बसवायला वेळ द्यावा लागतो. आणि एकदा बसलेलं औषध अचानक तोडता येत नाही. झोप उडते, घाम फुटतो, जीव घाबरा होतो, फिटसुद्धा येऊ शकते. "साठा संपला, पुढच्या आठवड्यात या" हे वाक्य आमच्यासाठी किती धोक्याचं आहे, ते पुरवठा पाहणाऱ्या अधिकाऱ्यांपर्यंत पोचवा, ही कळकळीची विनंती.

दुखणं एकाएकी वाढलं तर नुसता डोस वाढवून भागत नाही. युरिन इन्फेक्शन, तुंबलेलं मूत्राशय, बद्धकोष्ठ, बेडसोर, अगदी मांसात रुतलेलं पायाचं नखही ते भडकवतं. त्या जागेची जाणीव नसल्याने खरं कारण रुग्णाला सांगता येत नाही, ते शोधावं लागतं. दुखण्याबरोबर हाताची ताकद किंवा संवेदना कमी होऊ लागली, तर मज्जारज्जूत पाण्याची पोकळी तयार होत नाही ना, हे एमआरआय करून पाहायला हवं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना एवढं प्रशिक्षण मिळालं तरी पुष्कळ अनर्थ टळतील. फिजिओथेरपी आणि मानसोपचार हेही या उपचारांचाच भाग आहेत. मानसोपचार सुचवताना "दुखणं मनाचं आहे" असं मात्र कोणी म्हणू नये.

अपंगत्व ठरवताना कोणता स्नायू किती हलतो हे मोजतात. दुखण्यामुळे किती तास बसता येतं, रात्री किती झोप होते, हेही विचारलं जावं. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची सुधारित व्याख्या दिली. माणूस दुखतंय म्हणाला तर त्याच्या सांगण्याचा मान राखावा, असं तिच्यासोबतच्या टिपणात स्पष्ट म्हटलं आहे.

यासाठी समिती नेमलीत तर तिच्यात हे दुखणं सोसणाऱ्यांना घ्या. मी यायला तयार आहे. फक्त बैठक सकाळची ठेवावी, संध्याकाळी मला सलग बसवत नाही.

आपला,
मज्जारज्जूच्या इजेसह जगणारा एक नागरिक