आधी विचारा, जहाजावर माणसे किती?

संपादक महोदय, स. न. वि. वि.

अंटार्क्टिकाच्या सहलींचे बुकिंग आता साताऱ्यातही होते. जाहिरातीत शाकाहारी जेवण, बाल्कनीची खोली, मराठी टूर मॅनेजर हे सगळे ठळक असते. जहाजावर प्रवासी किती, हे मात्र नसते. प्राणी बघायला जाणाऱ्याने आधी तेच विचारावे. 500 पेक्षा जास्त प्रवाशांचे जहाज कोणालाच किनाऱ्यावर उतरवत नाही. त्याहून लहान असले तरी एका ठिकाणी एका वेळी 100 जणच उतरू शकतात. साडेचारशे जणांच्या जहाजावर पाळ्या लागणार, हे उघड आहे. सहल कंपन्यांनी हा आकडा जाहिरातीतच छापावा.

महिनाही बघून घ्या. नोव्हेंबरात बर्फ स्वच्छ असतो आणि पेंग्विन घरट्यासाठी एकमेकांचे खडे पळवत असतात. पिल्ले डिसेंबरअखेर ते जानेवारीत. फेब्रुवारी-मार्च हंपबॅक देवमाशांचा, पण तोवर वसाहतीत विष्ठेचा चिखल झालेला असतो. पांढरे अस्वल दक्षिणेत नाहीच. त्यासाठी नॉर्वेचे स्वालबार्ड. तिथेही 2025 पासून अस्वलापासून 300 मीटर, आणि 1 मार्च ते 30 जून 500 मीटर लांब राहावे लागते. मोबाइलमध्ये पिवळट ठिपका येईल, एवढेच.

दुर्बीण 8 बाय 42 ची, म्हणजे आठ पट मोठे दाखवणारी आणि 42 मिलिमीटर भिंगाची घ्या. दहा पटीची हलत्या डेकवर थरथरते. अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उश्वाया बंदरातून अंटार्क्टिकाकडे जाताना ड्रेक सामुद्रधुनी ओलांडायला साधारण दोन दिवस लागतात. अल्बट्रॉस हे लांब पंखांचे समुद्रपक्षी याच पट्ट्यात, जहाजाच्या मागे मागे येतात. तेव्हा मागच्या डेकवर थांबा. उलटीची गोळी जहाज हलण्याआधीच घ्यावी, नंतर ती पोटात ठरत नाही. कॅमेरा थंडीतून आत आणताना बॅगेत बंद करूनच आणा, नाहीतर भिंगावर बाष्प धरते.

कासच्या पठारावर वापरलेले बूट-जॅकेट नेणार असाल तर वेल्क्रो आणि शिवणीतली कुसळे घरीच चिमट्याने काढा. जहाजावर तपासणी होते, बूट जंतुनाशकात बुडवावे लागतात. बर्ड फ्लूमुळे किनाऱ्यावर बसणे, गुडघे टेकणे, बॅग खाली ठेवणे बंद आहे. पेंग्विनपासून 5 मीटर, फर सील या केसाळ सीलपासून 15 मीटर लांब राहायचे. पेंग्विन स्वतःहून जवळ आला तर हलू नका. त्यांच्या ये-जा करण्याच्या वाटेत तर पायच घालू नका. मऊ बर्फात आपला पाय गुडघाभर रुततो, आणि त्या खड्ड्यात पडलेल्या पेंग्विनला वर येता येत नाही. खड्डा पडलाच तर बर्फ लोटून बुजवून मगच पुढे जा.

रबरी होडीत चढता-उतरताना खलाशाचा पंजा नव्हे, मनगटाच्या वरचा हात धरायचा असतो. त्यासाठी आपले दोन्ही हात मोकळे लागतात. म्हणून खांद्यावरची झोळी नको, पाणी न शिरणारी पाठीवरची सॅक न्या.

– एक पक्षिनिरीक्षक, सातारा